विचारून जाणारी हेस्टर

"हे बघ हेस्टर, त्यो नवा मालक म्हणंल, 'या की, बिनघोर जावा.' तवा तू 'लई उपकार झालं' म्हणायचं न्हाय. जीभ दातात धरायची."

"आन् मग काय म्हणू?"

"काय बी म्हणू नगंस. हंबर."

"डेन्झिल, माणसानं 'या' म्हटल्यावर हंबरायचं व्हय रं?"

"हंबर, शिंक, खोकल्याची उबळ आण. पर आभार मानायचं न्हाईत. तू आभार मानलंस की वाट गेली, ध्यानात ठेव."

नेदरकोमच्या चर्चच्या बुटक्या भिंतीवर बसून विनी चब बुटांच्या नाड्या आवळत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "कुणाला सांगतोयास तू? ही कोंबडीच्या बुडाखालचं अंडं काढताना बी 'काढू का बाई' म्हणती."

"कोंबडीला बी जीव आसतो," हेस्टर म्हणाली.

"कोंबडी कवा न्हाय म्हणालीया व्हय?"

"न्हाय म्हणता येत न्हाय तिला, म्हणूनच इचारायचं."

विनीनं डेन्झिलकडं बघितलं. डेन्झिलनं आभाळाकडं बघितलं. आभाळ निळं लख्ख होतं, आणि तिघं वाटेला लागली.

हा त्यांचा तरुणपणापासूनचा शिरस्ता. गवत कापून, वाळवून कोठारात पडलं की जुलैतल्या एका रविवारी नेदरकोममधून निघायचं, व्हिटलफर्ड गाव ओलांडायचं, एमस वेबरच्या आवारातून वर चढून अपकोम गाठायचं, तिथं 'काळा मेंढा' नावाच्या पबात सफरचंदाची सायडर ढोसायची आणि उन्हं कलली की आल्या वाटेनं माघारी. सुरुवातीला चांगली टोळी होती. पोरी शिट्ट्या मारायच्या, पोरं एकमेकांना नाल्यात ढकलायची. पुढं काही मेली, काही लेकीसुनांकडं शहरात गेली, एक ऑस्ट्रेलियाला गेला तो तिकडचाच झाला. आता उरली ही तिघं. डेन्झिल पर्किस, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला आणि आता गावच्या पंचायतीत बसणारा. विनी चब, पोस्टाच्या खिडकीमागं आयुष्य काढलेली, त्यामुळं साऱ्या गावाच्या उचापती पाठ. आणि हेस्टर टॉटल, शेरडं पाळणारी, त्यांच्या दुधाचं चीज करून बाजाराला नेणारी, आणि दिसेल त्याला विचारून पुढं जाणारी.

विचारायची खोड आईकडून आली. हेस्टरची आई पाद्र्याच्या घरी धुणीभांडी करायची. आपल्याला न विचारता पाऊल टाकता येईल अशी जागा जगात नाही, हे तिनं पोरीच्या डोक्यात पक्कं भरवलं होतं. दार असो, फाटक असो, नुसता ओटा असो, थांबायचं, विचारायचं, आणि हो म्हटलं की आभार मानायचे. पोरगी शिकली ती शिकलीच. क्लॅरी टॉटलनं लग्नाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "मी जरा इचार करते, तुझी हरकत न्हाय न्हवं?" क्लॅरी पुढं मरेपर्यंत ही गोष्ट पबात सांगायचा आणि पुन्हा पुन्हा सांगून वर फुकटची सायडर उकळायचा.

आता तीच खोड वाटेच्या मुळावर आली होती.

एमस वेबर म्हातारा होऊन मेला. त्याच्या पुतण्यानं शेत, घर, गोठा सगळं लंडनच्या एका ह्यूगो फेनविक नावाच्या माणसाला विकलं. फेनविकनं गोठ्याची बैठकीची खोली केली, शेणाच्या उकिरड्याच्या जागी हिरवळ लावली, आणि वसंतात आवाराच्या फाटकाला साखळी घातली. डेन्झिलनं पंचायतीतर्फे तक्रार केली तेव्हा कायदा कळला. कायदा असा की, लोक वर्षानुवर्षं उघडपणे, दांडगाई न करता आणि कुणाची परवानगी न घेता एखाद्या वाटेनं गेले, तर ती वाट लोकांची. पण परवानगी घेऊन गेले असतील, तर ती मालकाची मेहेरबानी. आणि मेहेरबानी मालक कधीही आवरती घेऊ शकतो.

म्हणजे मान वर करून, न विचारता जाणाऱ्याची वाट राहते आणि फाटकाशी थांबून 'जाऊ का' म्हणणाऱ्याची जाते. डेन्झिलनं हे सांगितलं तेव्हा हेस्टर त्याच्या स्वयंपाकघरात पाव खात होती. घास तोंडातच राहिला.

"मी तर दर खेपंला इचारलंय," ती म्हणाली.

"ठावं हाय," डेन्झिल म्हणाला. "साऱ्या तालुक्याला ठावं हाय."

आणि आज काउंटीच्या कचेरीतली बाई फेनविकच्या फाटकावर येणार होती. वाट बघणार होती, जुन्या चालणाऱ्यांना विचारणार होती. वाट गेली तर अपकोमला जायला उरतो तो हमरस्ता. त्याला कडेला पाऊल ठेवायला जागा नाही आणि ट्रक असे येतात की झुडपंसुद्धा अंग चोरतात. म्हणजे चालणं बंद. डेन्झिलनं आणि विनीनं आठवडाभर हेस्टरला घोकवलं होतं: इसरले म्हण. म्हातारपण हाय, कुणी नावं ठेवणार न्हाय.

"मी न्हाई इसरले," हेस्टर म्हणायची.

लाँग ग्राउंड नावाच्या शेताशी कुंपणाची पहिली पायरी आली. लाकडाच्या दोन फळ्या, एक उभा खांब, त्याला धरून पलीकडं उतरायचं. हे कुंपण क्लॅरीच्या हातचं. तो हिवाळ्यात कुंपणं निजवायचा. म्हणजे झाडाचं खोड अर्धं कापायचं, आडवं वाकवायचं, शेजारच्यात गुंतवायचं, मग वसंतात त्यातूनच धुमारे फुटतात आणि मेंढरू काय, ससासुद्धा पार होत नाही. क्लॅरीला जाऊन किती हिवाळे झाले, कुंपण अजून तसंच. आत रानगुलाब घुसला होता, हनीसकलच्या वेलीचा वास सुटला होता. हेस्टरनं एका आडव्या खोडावर हात ठेवला. खोड मनगटाहून जाड झालं होतं.

"लेकाचा कामाला बरा हुता," विनी म्हणाली.

"कामालाच बरा हुता," हेस्टर म्हणाली. "घरात चमचा उचलायचा न्हाय."

डेन्झिल पायरी चढताना खांबाला मिठी मारूनच थांबला. त्याचा गुडघा अडला होता. "जरा ढकल गं राणी," तो विनीला म्हणाला.

"चाळीस वर्सं बस पळवली आन् दोन फळ्या चढंना. ब्रेक लागलाय व्हय?"

"ढकल म्हटलं तर भाषान करती!"

विनीनं खांदा लावून ढकलला. डेन्झिल पलीकडं उतरला तो थेट ताज्या शेणात. बूट घोट्यापर्यंत.

"शेण एमसचं!" विनी आणि हेस्टर एका सुरात ओरडल्या.

ही त्यांची जुनी आरोळी. वाटेत कुणाचाही पाय शेणात भरला, मग ते शेत कुणाचंही असो, गाय कुणाचीही असो, बाकीच्यांनी 'शेण एमसचं' असं ओरडायचं. का, ते आता कुणी विचारत नव्हतं. डेन्झिल बूट गवतावर घासत शिव्या देत राहिला आणि शिव्या संपल्यावर त्याला बरं वाटलं.

व्हिटलफर्डमध्ये शुकशुकाट होता. गवताच्या छपरांची घरं आधीपेक्षा देखणी झाली होती. दारांना निळा-करडा रंग, खिडकीत फुलांच्या कुंड्या, आणि दाराशेजारी किल्लीची डबी, आठवड्याच्या भाड्यानं येणाऱ्यांसाठी. पूर्वी इथल्या कोपऱ्यावरच्या घरातून म्हातारी डॅबिनेट खिडकीतून गूजबेरीचा टार्ट द्यायची. टार्ट आंबट ढोण असायचा, साखर म्हातारी चहाला राखून ठेवायची. पण चालून आलेली पोरं ताटली चाटायची. हेस्टर तिलाही विचारायची, अजून एक तुकडा घेऊ का. म्हातारी म्हणायची, "घे की, डुकराला घालण्यापरीस तू बरी."

हेस्टर त्या खिडकीपाशी क्षणभर थांबली. आत कोणी नव्हतं. काचेत तिचीच टोपी दिसत होती.

"टार्ट आठवला व्हय?" विनीनं विचारलं.

"दात आंबलं नुसतं आठवून."

गावाबाहेर पडल्यावर वाट दोन कुंपणांच्या मधून खाली जाते, खोल, सावलीची, पायाखाली ओल. नेटलची खाजरी झाडं दोन्हीकडून अंगावर आलेली. हेस्टरचा हात लागला आणि मनगटावर फोड उठले. डेन्झिलनं आग शमवणाऱ्या डॉकचं रुंद पान खुडून दिलं, ती ते चोळत चालू लागली. पुढं वेबरचं फाटक, हे तिघांनाही ठाऊक होतं, म्हणून कुणी घाई करत नव्हतं.

"एमस असता तर ही येळच आली नसती," डेन्झिल म्हणाला.

"एमस असता तर तुझ्या बुटाकडं बघून हसला असता," विनी म्हणाली.

"एमस कवा हसला? जन्मात न्हाय."

ते खरं होतं. एमस वेबर गोठ्याच्या अर्ध्या दारात, दगडी चौकटीवर कोपर टेकून उभा असायचा, विझलेला पाईप दातात. नमस्कार नाही, चमत्कार नाही. टोळी आवारात शिरली की हेस्टर पुढं व्हायची, "एमस, जाऊ का रं इकडनं?" आणि तो काहीतरी कुरकुरायचा. नीट उत्तर त्यानं कधी दिलंच नाही. गाईसुद्धा त्याच्याशी बोलायला नको म्हणून आपणहून गोठ्यात शिरतात, असं क्लॅरी म्हणायचा.

फाटकावर साखळी होती. पलीकडं काउंटीची बाई उभी होती, मिस ओकफर्ड, तरुण, चालायचे जाडजूड बूट घातलेली, उन्हानं नाक सोललेली. तिच्याशेजारी स्वतः फेनविक. पांढरा शर्ट, अनवाणी पाय, हातात सरबताचा तांब्याएवढा जग आणि ग्लासांची चळत. माणूस वाईट नव्हता. तेच तर अवघड होतं. वाईट माणसाला आभार न मानणं सोपं जातं.

जग आणि ग्लास खाली ठेवून त्यानं साखळी काढली आणि फाटक सताड उघडलं. "या, या! ऊन किती आहे. तुम्ही अवश्य या इथून, माझी काहीच हरकत नाही. कधीही या."

डेन्झिलनं हेस्टरच्या पाठीत बोट खुपसलं. हेस्टरनं ओठ मिटले. आतून साठ-सत्तर वर्षं मुरलेली आईची शिकवण वर उसळत होती. चेहरा लाल झाला आणि मिटल्या ओठांतून एक लांबलचक आवाज आला, गाय वासराला हाक मारते तसा.

फेनविक दचकला. "यांना बरं वाटत नाही का?"

"खोकला हाय," विनी म्हणाली. "दर उन्हाळ्यात येतो."

मिस ओकफर्डनं खाली बघून ओठ चावला. मग ती कामाला लागली. डेन्झिलला विचारलं, तो म्हणाला, कधी विचारलं नाही, सरळ यायचो आणि सरळ जायचो. विनीनंही तेच सांगितलं. दोघंही खरं बोलत होती. त्यांना विचारायची गरज कधी पडलीच नव्हती, हेस्टर पुढं असायची.

"आणि तुम्ही, मिसेस टॉटल?"

हेस्टरनं गोठ्याकडं बघितलं. अर्धं दार गेलं होतं, तिथं काच बसली होती. पण दगडी चौकट तीच, आणि एमसच्या कोपरानं गुळगुळीत झालेला दगड तसाच चकाकत होता. त्या दगडासमोर खोटं बोलायचं तिच्या जिभेवर येईना.

"मी इचारायची," ती म्हणाली.

डेन्झिलनं टोपी काढली, कुणी मेल्यासारखी.

"दर वेळी?"

"दर येळी. माझी आईच तशी हुती. 'एमस, जाऊ का रं इकडनं,' आसं."

फेनविकनं मान हलवली, जरा कानकोंडाच झाला. "मी म्हणतच होतो. शेजाऱ्याच्या नात्यानं ते येऊ देत होते. मीही येऊच देणार आहे. फक्त ते..."

"एक मिनिट," मिस ओकफर्ड म्हणाली. "मिसेस टॉटल, ते काय उत्तर द्यायचे?"

"कोण?"

"मिस्टर वेबर. तुम्ही 'जाऊ का' विचारल्यावर ते 'हो, जा' म्हणायचे?"

इतक्या वर्षांत हे हेस्टरला कुणी विचारलं नव्हतं, तिनं स्वतःलाही नाही. तिचं काम विचारायचं होतं. उत्तर म्हणजे एमसची कुरकुर.

"न्हाय," ती हळूच म्हणाली. "'हो' असं त्यो कवा म्हणालाच न्हाय."

"मग?"

हेस्टरनं कोपर हवेत टेकवल्यासारखा हात केला, हनुवटी पुढं काढली, आणि तिच्या तोंडून एमस वेबर बोलला, खरखरीत, नाकातून:

"'वाट काय माझ्या बापाची हाय व्हय, मला इचारतीस? शेण माझं हाय. त्यात पाय घालायचा आसंल तर इचार!'"

मग विनीच्या तोंडून किंकाळीसारखं हसू फुटलं. "शेण एमसचं! अगं बया! शेण एमसचं!"

"दर येळी हेच म्हणायचा," डेन्झिल ओरडला. "दर येळी! आन् मी जन्मभर शेण एमसचं, शेण एमसचं करत फिरतोय, आन् वाट कुणाची ते माझ्या टकुऱ्यात शिरंना!"

"हा विनोद झाला हो," फेनविक म्हणाला.

"विनोद असेल," मिस ओकफर्ड म्हणाली. ती भराभर लिहीत होती. "पण परवानगी नव्हती. मालक स्वतःच म्हणायचे की वाट त्यांची नाही, म्हणजे देण्यासारखं त्यांच्याकडं काही नव्हतं. निर्णय माझ्या हातात नाही, पण मी असंच कळवणार. आणि तोवर ही साखळी काढून ठेवा, मिस्टर फेनविक."

फेनविकनं साखळीकडं बघितलं, मग गुळगुळीत दगडाकडं. "भेटायला हवं होतं त्या म्हाताऱ्याला," तो म्हणाला, आणि साखळी गुंडाळून त्यानं कुंडीमागं टाकली. मग खाली ठेवलेल्या सरबताची आठवण झाली. "सरबत तरी घ्या."

हेस्टरनं ग्लास हातात घेतला आणि मिस ओकफर्डकडं वळली. "बाई, सरबताचं आभार मानलं तर वाट जात न्हाय न्हवं?"

"नाही. सरबत त्यांचंच आहे."

"उपकार झालं," हेस्टर म्हणाली. "लई उपकार झालं. लईच छान झालंय." आतलं तुंबलेलं सगळं मोकळं होईस्तोवर ती आभार मानत राहिली. शेवटी फेनविकलाच लाज वाटून तो आत ग्लास धुवायला गेला.

आवारातून पुढं चढ आहे. एरवी तिथं डेन्झिल तीनदा बसतो. आज न बसता चढला आणि मग वर जाऊन गवतावर लांब पसरला. खाली तिन्ही गावांच्या चर्चचे मनोरे दिसत होते, मधून वाट दिसत होती, कुंपणाकुंपणानं वळत गेलेली. क्लॅरी इथं बसून सायडरचा बुधला फिरवायचा. बुधला आता हेस्टरच्या घरी दाराला अडसर म्हणून होता.

"आम्ही तुला इसर म्हणत हुतो," विनी म्हणाली. "इसरली असतीस तर एमसचं उत्तर बी गेलं असतं."

"मग?"

"मग काय. आज सायडर माझ्याकडनं."

'काळा मेंढा'त त्यांनी भिंतीकडेच्या बाकावर चीज, पाव, व्हिनेगरातले कांदे खाल्ले. हेस्टरनं एमसची नक्कल दोनदा केली, तिसऱ्यांदा मालकानंच करायला लावली. तिथली तरणी पोरं हसली. एमस कोण ते त्यांना माहीत नव्हतं. माघारी येताना आवाराचं फाटक उघडं होतं. डेन्झिल आणि विनी सरळ गेली. हेस्टर गोठ्याच्या चौकटीपाशी थांबली, तोंड उघडलं, मिटलं, आणि दगडाला हात लावून त्यांच्या मागं गेली.

नेदरकोमला पोचेस्तोवर सावल्या लांबल्या होत्या. शेरडांनी ओरडून आळी डोक्यावर घेतली होती. धारेची वेळ टळून गेली होती. हेस्टरनं बूट दारात काढले, क्लॅरीचा बुधला पायानं सरकवून दार उघडं केलं, बादली घेतली आणि तिपाई ओढून म्हाताऱ्या शेळीच्या कासेशी बसली.

"काढू का बाई?" ती म्हणाली.

शेळीनं बादलीत पाय घातला.

हेस्टरनं पाय उचलून बाहेर काढला, बादली नळाखाली विसळून आणली आणि पुन्हा बसली. या खेपेला तिनं न विचारताच कास ओल्या फडक्यानं पुसली, सड धरला आणि पहिली धार बादलीच्या तळाशी वाजली.